नसबंदी झाली, दुखण्याचं काय?

सरकारला आमच्या बाईचं पोट दिसतं ते फक्त बंद करायला. १९५२ पासून कुटुंबनियोजन चालू आहे. शिबिराचा आकडा भरला की साहेब खूश. पण टाके घातलेल्या बाईच्या अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट ठणकतंय, हे कुणी विचारायचं? तुळजापूरच्या आईची ओटी भरणारा हा जिल्हा, जित्या बाईच्या ओटीपोटाकडं मात्र पाठ!

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, १९८९ साली ते छापलं. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग नाहीतर गुप्तरोग. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ.

आपल्या धाराशिवचं बघा. वाशी-भूम-कळंबचे लोक कोयता घेऊन कारखान्यावर जातात, माझ्यासारखे गोदीत ओझी उचलतात. गडी महिनोन् महिने बाहेर. बाहेरून रोग घेऊन आला तर भोगायचं घरातल्या बाईनं. नसबंदीनं मूल थांबतं, रोग न्हाई थांबत. तांबी बसवण्याआधी तर संसर्ग तपासलाच पाहिजे. मूल आणि रोग दोन्ही अडवतो तो निरोध. त्याचं नाव काढायला नर्सबाई लाजते आणि गडी तर हातच लावत न्हाई. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात बायांची नसबंदी सुमारे ४९ टक्के, पुरुषांची अर्धा टक्काही नाही. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या माझ्या दोस्तांनो, यात आपणही आलो!

शेजारच्या बीडात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ ला गाजलं. कितीजणींचं दुखणं पांढरं जाण्यापासूनच सुरू झालेलं. जिथं वेळेवर तपासणी आणि गोळ्या पाहिजे होत्या, तिथं सुरी चालली.

हा विचार काही परदेशातून आलेला नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, गुप्तरोगापासून बचावावर पुस्तकही लिहिलं. बाबासाहेबांच्या पक्षाच्या रोहमांनी १९३८ ला संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. सभागृहानं तो पाडला. पुढं १९९४ ला कैरोत जगानं दोन्ही सेवा जोडायचं कबूल केलं, १९९७ ला दिल्लीनं योजनेत लिहिलं. गावच्या उपकेंद्रापर्यंत त्यातलं किती पोचलं?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जिथं नसबंदी आणि तांबी, तिथंच, त्याच दिवशी, आडोशाला तपासणी आणि फुकट औषध. बाईबरोबर नवऱ्यालाही औषध, नाहीतर रोग परत फिरून येतो. ऊसतोडीच्या फडावर आणि गोदीच्या फाटकावर निरोध. आणि जात विचारून नाक मुरडणारा डॉक्टर आम्हाला नको.

आकडा नको, इलाज पाहिजे!

जयभीम.