सायकलवरचे कान

पावसाची झड लागून आहे, आवण्या उरकत आल्या आहेत. अशा दिवसांत या जागेवर भाताच्या रोपांविषयी नाहीतर जनावरांच्या खुरांविषयी लिहायचे. पण आज सायकलविषयी लिहितो. गोष्ट आमच्याच घरात घडलेली आहे आणि तिच्यात माझाही हात आहे.

धाकट्या भावाचा मुलगा वाडीवरून राजूरला शाळेत सायकलने जातो. आठवीला गुण बरे पडले म्हणून मीच त्याला हेडफोन घेऊन दिले. गळ्यात अडकवायचे, बिनतारी. पोरगा खूष. त्याची आई तेव्हाच म्हणाली होती, "भाऊजी, आता हाक मारली तरी हा ओ द्यायचा नाही." मी हसण्यावारी नेले.

गेल्या वर्षी आवणीच्याच दिवसांत शाळा सुटून तो घरी येत होता. पाऊस बारीक, अंगावर रेनकोट, कानात गाणे. समोर पाण्याने भरलेला खड्डा दिसला म्हणून त्याने सायकल उजवीकडे घेतली. मागे वळून पाहिले नाही. मागून दुधाची पिकअप येत होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, गाडी घसरली, एक चाक भाताच्या खाचरात गेले. तरी सायकलला धक्का बसलाच. पोराच्या डाव्या हाताचे हाड मोडले. गाडीतले चार कॅन आडवे झाले आणि शेजारपाजारच्या घरांचे सकाळपासूनचे कष्ट चिखलात गेले.

ड्रायव्हर ओळखीचा. त्याने आधी पोराला दवाखान्यात पोचवले, मग माझ्याकडे आला. म्हणाला, "तात्या, तीनदा हॉर्न दिला. वाटलं, पोरानं ऐकलंय, आता बाजूला राहील. म्हणून गाडी काढायला गेलो."

त्याचे हे बोलणे माझ्या डोक्यातून जात नाही. हॉर्न देणारा माणूस पुढच्याने तो ऐकला असे धरूनच गाडी पुढे काढतो. हातात पांढरी काठी दिसली तर लोक आपणहून थांबतात. पण रेनकोटाच्या टोपीखाली कान बंद आहेत हे पाठीमागून कुणाला दिसणार?

बैल रस्त्याने चालताना पाहिलात ना? मागे काही वाजले की मान न वळवता नुसता कान मागे फिरवतो. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथे नुसते कान पाहत उभे राहिलात तरी वेळ जाईल. आपल्याला कान फिरवता येत नाहीत, पण मागचे पाहायचे काम आपणही कानानेच करतो. मोटारसायकलला आरसे असतात, सायकलला बहुधा नसतात. मागचे इंजिन जीपचे की उसाच्या ट्रॅक्टरचे, ते दूर आहे की जवळ आले, वेग धरतेय की सोडतेय, हे सगळे आपण पायडल मारता मारता ओळखतो आणि न कळत कडेला सरकतो.

थोडा हिशेब करा. सायकल तासाला १५ किलोमीटरने आणि पिकअप ५० ने चालली आहे असे धरा. म्हणजे दर सेकंदाला गाडी सुमारे दहा मीटर जवळ येते. शंभर मीटर मागे असेल तर आपल्या हातात दहा सेकंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, त्यामुळे खबर पाव-अर्ध्या सेकंदात कानाशी येते. दहातली साडेनऊ सेकंदे मोकळी मिळाली. कडेला व्हायला तेवढी पुष्कळ होतात. कानात गाणे असेल तर तीच गाण्यात जातात.

काही मुले म्हणतात, आम्ही एकाच कानात घालतो, दुसरा मोकळा असतो. ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखायला दोन्ही कान लागतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला किंचित उशिरा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान झाकला की गाडी आली हे कळेल, कुठून आली ते नीट कळायचे नाही. घाटाच्या वळणावर तेच तर कळायला हवे. आणि आपल्या भागात संध्याकाळच्या वाटेवर फक्त गाड्याच असतात असेही नाही. बिबट्या हॉर्न देत नाही, पण त्याच्या आधी वानरे ओरडतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सायकलवर कानाशी वारा वाजतो, म्हणून गाण्याचा आवाज वाढवला जातो आणि घरी आल्यावर तो कमी करायचे लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो, ९० चा फक्त चार तास आणि १०० चा जेमतेम २० मिनिटे. कानाच्या आतले बारीक केस एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत. भाताच्या रोपासारखे नांगे भरता येत नाहीत.

आमच्या वेळी काय गाणी नव्हती? विविध भारती १९५७ साली सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर आले तसे कुणी हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून बाजाराला निघाला की अख्ख्या वाडीला गाणे ऐकू जाई. पण त्याचे कान उघडे असत. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला आणि चालत्या माणसाचे गाणे त्याच्या एकट्याचे झाले.

फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकलवाल्यालाही कानात हेडफोन घालायला बंदी आहे, दंड १३५ युरो. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त. तिथे गाणे ऐकायला बंदी नाही, पण २०१९ पासून सायकलवर फोन हातात धरता येत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात पायडलची सायकल 'मोटार वाहन' म्हणून धरलेलीच नाही. तेव्हा आपल्या मुलाला कुठला हवालदार अडवील याची वाट पाहू नका.

हेडफोन चुलीत घालावेत असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. पण प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून पोरगा म्हणाला, "तात्या, चढाला दम लागतो. गाण्यावर पाय चालतात." ते खोटे नाही. आपल्या बायाही आवणीला गाणी म्हणतात ती काय उगीच? त्याला नुसते "ऐकू नको" म्हणून भागणार नव्हते.

दुधाचे पैसे मी भरले. हेडफोन मी दिले होते. हँडलच्या उजव्या बाजूला एक गोल आरसा बसवला. बहिरा माणूसही सायकल चालवतो, पण त्याची नजर आणि मान त्या कामाला तयार झालेली असते. आमच्या पोराला ती सवय आता लागते आहे. हेडफोन घरात खिळ्याला टांगलेले असतात, अभ्यास झाल्यावर मिळतात. आणि सायकलवर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात, आवाज बारीक, कान उघडे.

वहिनी म्हणतात, बरेच झाले. ओढ्याच्या वळणावर गाणे ऐकू आले की त्या चहा ठेवतात. गाणे कुठले ते मात्र विचारू नका, मला त्यातला एक शब्द कळत नाही.