निवडीचा भार कोणी वाहावा?

दात घासणे हे दिवसाचे पहिले काम. त्यासाठी लागणारी टूथपेस्ट विकत घेणे मात्र अलीकडे इतके अवघड झाले आहे की, एखादा विचारी गृहस्थही मोठ्या दुकानातील फळीपुढे गोंधळून उभा राहतो. शुभ्रतेसाठी एक, हिरड्यांसाठी दुसरी, ठणकणाऱ्या दातांसाठी तिसरी. मिठाची, लवंगेची, कोळशाची, कडुनिंबाची. शिवाय प्रत्येकीची चार वजने आणि प्रत्येक वजनावर निराळी सवलत. बराच वेळ पेट्या उलटसुलट करून तो शेवटी मागच्या महिन्यातलीच पेटी उचलतो आणि आपण फसलो तर नाही ना, ही शंका बरोबर घेऊन घरी जातो. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आपणांपैकी पुष्कळजण गल्ल्याच्या आतल्या बाजूस बसणारे आहेत, आणि ग्राहकाच्या या गोंधळात आपल्या धंद्याचे भवितव्य गुंतलेले आहे. म्हणून स्मरणिकेच्या पानांत त्याचा विचार करणे अनाठायी होणार नाही.

जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. बाभळीची काडी, गोवरीची राखुंडी आणि डबीतले काळे दंतमंजन यांवर आपल्या आजोबा-पणजोबांचे भागत असे, हे खरे. परंतु खरखरीत राखुंडीने दात झिजत, आणि मिश्रीच्या सवयीने किती घरांत तंबाखूचे व्यसन शिरले, हे सर्वांस ठाऊक आहे. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने 1992 साली बंदी केली, ती उगीच नव्हे. टंचाईच्या काळात मिळेल तो माल मुकाट्याने घ्यावा लागे, तीही स्थिती पुन्हा येऊ नये. निवडीला वाव असणे चांगलेच. प्रश्न एवढाच की, फळीवर दिसणारी ही विपुलता खरोखरीची किती आणि केवळ नावांची किती?

कोलगेट-पामोलिव्हची भारतातील कंपनी 1937 सालची. बिनाका हे नाव 1952 पासून रेडिओ सिलोनवरील गीतमालेमुळे घरोघरी पोहोचले. त्याचेच पुढे सिबाका झाले आणि 1994 साली सिबाका कोलगेटच्या घरात गेली. प्रॉमिस, बबूल आणि मेसवाक या बलसारा कंपनीच्या तीन टूथपेस्ट. ती कंपनी 2005 साली डाबरने घेतली. क्लोज-अप आणि पेप्सोडेंट ही दोन्ही नावे हिंदुस्थान युनिलिव्हरची. म्हणजे ज्यांना ग्राहक परस्परांचे प्रतिस्पर्धी समजतो, त्यांतील कित्येक एकाच तिजोरीची भावंडे आहेत.

नळीच्या आत पाहिले तर भेद आणखी कमी होतो. घासण्यासाठी चुन्याची किंवा सिलिकाची बारीक पूड, ओलावा टिकविण्यासाठी ग्लिसरीन अथवा सॉर्बिटॉल, थोडा फेस, थोडा सुगंध आणि पाणी, हा पाया बहुतेक ठिकाणी सारखाच. खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्या. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. ठणकणाऱ्या दातांसाठीच्या कित्येक टूथपेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असते. लहान मुलांच्या बाबतीत चवीपेक्षा प्रमाण महत्त्वाचे: तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरे. एवढे ज्यास ठाऊक आहे, त्यास पन्नास पेट्यांपुढे उभे राहूनही घाम फुटत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो 2000 साली प्रकाशित केला. कॅलिफोर्नियातील एका दुकानात कधी 24 प्रकारचे जॅम मांडले, तर कधी केवळ 6. चोवीसांच्या मांडणीपाशी अधिक लोक थांबले. परंतु थांबलेल्यांपैकी सुमारे 3 टक्के लोकांनीच खरेदी केली. सहांच्या मांडणीपाशी हे प्रमाण 30 टक्के होते. यावरून कोणी म्हणेल की, माल कमी ठेवावा म्हणजे विक्री वाढते. पण इतके सोपे ते नाही. 2010 साली अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पुढील अभ्यासातून दिसले की, आपणास काय हवे हे ज्यास नक्की ठाऊक नसते, त्यास गर्दीचा जाच अधिक होतो. तेव्हा दोष केवळ संख्येचा नाही. अज्ञानास संख्येची जोड मिळाली म्हणजे निवड हा जाच होतो.

आणि येथेच दुकानदाराचे खरे काम सुरू होते. रविवार पेठेतून माल उचलून गल्लीतल्या दुकानात मांडणारा आपला बंधू मोठ्या दुकानाशी प्रकारांच्या संख्येत कधीच बरोबरी करू शकणार नाही; आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्यांची यादी तर अंत नसलेली. तरीही आपण त्यांचीच नक्कल करीत आहोत. विक्रेता येतो, खपणाऱ्या मालाबरोबर न खपणारे चार प्रकार योजनेच्या नावाखाली गळ्यात मारतो, आणि आपले भांडवल फळीवर धूळ खात मुदत संपण्याची वाट पाहते. ज्या एका गोष्टीत आपण वरचढ आहोत, ती म्हणजे ग्राहकाची ओळख. घरात म्हातारी माणसे किती, लेकरे किती, खर्चाची ओढ किती, हे आपणांस ठाऊक असते. हे भांडवल मात्र आपण वापरीतच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. टूथपेस्टचे आठ-दहा प्रकारच ठेवावेत. पण ते समजून ठेवावेत. 2021 साली दुरुस्त झालेल्या वजनमाप नियमांनी बंद पुडक्यावर दर ग्रॅमची किंमत छापण्याची तरतूद केली. ती किंमत ग्राहकास बोट ठेवून दाखवावी, कारण मोठी पेटी नेहमी स्वस्तच असते असे नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्टवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तो लाभही त्याच्या पदरात पडला पाहिजे. घटक शाकाहारी आहेत की नाहीत, हे विचारणारे ग्राहक आपल्या समाजात पुष्कळ. हिरवा ठिपका सर्व पेट्यांवर असतोच असे नाही, तेव्हा त्याचे उत्तर आपणच आधी शोधून ठेवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दुकानदाराने निवडून दिले, तर तो ज्यात नफा अधिक तेच पुढे करणार नाही कशावरून? तसे झाले तर ही सारी योजना फसवणूक ठरेल, आणि ग्राहक एकदा दुरावला की परत येणार नाही. माप कमी-अधिक करणे हा अचौर्यव्रताचा अतिचार आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सल्ल्यात खोट करणे हेही त्याच जातीचे पाप समजावे. भोगोपभोगाला परिमाण असावे, ही शिकवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना फळीलाही परिमाण असावे, हे कळण्यास जड जाऊ नये.

ग्राहकास पन्नास पेट्या दाखविणे कोणालाही जमते. त्यांतील दोन त्याच्यापुढे ठेवून, "ही घ्या, आणि ही का घ्यावयाची ते असे," असे सरळपणे सांगता येणे, याचे नाव व्यापार. ते सांगण्याइतकी माहिती आणि तितका सचोटीपणा आपण राखला, तर गल्लीतले दुकान टिकेल. न राखला, तर फळ्या मांडणारे दुसरे पुष्कळ आहेत.