काळ्या कातळाचा उजेड
अ‍ॅरिझोनाच्या लाल दऱ्यांचे फोटो मोबाइलवर पाहून बोईसरचे हौशी कॅमेरावाले उसासे टाकतात, तेव्हा मला त्यांना गाडी काढून जव्हारच्या रस्त्याला लावावंसं वाटतं, आणि तेही एकेकट्याला. टोळकं बरोबर असलं की नाश्ता आणि सेल्फी ह्यांतच उन्हं डोक्यावर येतात. मनोर, विक्रमगड, जव्हार, आणि पुढे दाभोसा धबधबा. पावसाळ्यात तिथे पाणी बघायला माणसं लोटतात. मी म्हणतो, डिसेंबरनंतर जा. धार बारीक झालेली असते आणि सुमारे ३०० फुटांचा काळा कातळ उघडा पडतो, साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अ‍ॅरिझोनाचा वालुकाश्म संध्याकाळी आपसूक पेटतो. इथला बेसाल्ट उजेड गिळून बसतो. त्यात कॅमेरा भाबडा. समोर काळं दिसलं की अंधार आहे असं समजून चित्र उजळवतो आणि कातळाची पार राख करून टाकतो. म्हणून ऊन तिरकं असतानाच जावं आणि एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवावं. भेगांतलं सुकलेलं शेवाळसुद्धा मग दिसतं. सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचं नेमकं उलटं, तिथे लख्ख उन्हात एक्स्पोजर चढवावं लागतं. (मावशींना विचारल्याशिवाय मात्र कॅमेरा रोखू नये.) तारापूरला तो पिशवीतच राहू द्या. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्राच्या आसपास छायाचित्रणाला बंदी आहे, आणि पहाऱ्यावरच्या जवानाला आपली कला समजावण्याच्या फंदात पडू नये.