सा सगळ्यांचा, पण सतरंजी कुणाची?

डिसेंबर जवळ आला की ऑफिसात दोन प्रश्न फिरायला लागतात. पहिला, थर्टीफर्स्टला कुठे? आणि दुसरा, सवाईला कोण कोण येतंय? दुसऱ्या प्रश्नाला हात वर करणारी जनता चांगली दणदणीत आहे. दिवसभर क्लायंटची बोलणी खाऊन संध्याकाळी शाल गुंडाळून मारवा ऐकायला बसायचं, हा फंडा मला तरी जाम आवडतो.

यंदा एक छोटासा प्रयोग करून बघा. मध्यंतरात हातात चहाचा कप असेल तेव्हा आजूबाजूला कान द्या. स्टेजवरच्या कलाकारांची आडनावं, संयोजकांची आडनावं, तुमच्या रांगेतल्या मंडळींची आडनावं. किती प्रकारची सापडतात ते मोजा. आणि मग स्वतःला विचारा, बाकीचा महाराष्ट्र कुठे बसलाय?

"शास्त्रीय संगीतात कसली आलीय जात? तिथे फक्त सूर!" हे आपलं पाठ वाक्य. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचंही असंच होतं, फक्त तिथे जातीच्या जागी रंग होता. मरियन अँडरसन ही मोठी गायिका. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका नामांकित हॉलने ती कृष्णवर्णीय म्हणून तिला दार बंद केलं. मग ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली आणि समोर ७५ हजार लोक होते. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात मात्र तिला पाय ठेवायला १९५५ उजाडलं.

पुढे तिकडे एक आयडिया निघाली. ऑडिशनला पडदा लावायचा. वाजवणारा दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. बोस्टनच्या ऑर्केस्ट्राने १९५२ मध्ये सुरुवात केली, नंतर बाकीच्यांनीही पडदे लावले. बायकांची संख्या वाढली. एकदम सही! पण २०१६ मध्ये अमेरिकन ऑर्केस्ट्रांच्या संघटनेचा अहवाल आला, त्यात कृष्णवर्णीय वादक दोन टक्केसुद्धा नव्हते. असं का? कारण पडद्यापर्यंत पोहोचायला आधी दहा-पंधरा वर्षं लागतात. महागडं वाद्य लागतं, शिक्षक लागतो, "तू इथलाच आहेस" असं म्हणणारं कुणीतरी लागतं. खरी निवड पडद्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते.

आता आपल्या घरात या. गंगूबाई हनगल. धारवाडच्या, गाणाऱ्या बायकांच्या घरातल्या. लहानपणी शेजारच्या बागेतला आंबा चोरला, तर मालक चोरीपेक्षा जास्त चिडला तो गाणारणीच्या पोरीने आवारात पाऊल ठेवलं म्हणून. १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गांधीजी. तिथे अकरा वर्षांची गंगू स्वागतगीत गायली. तिच्या पोटात गोळा होता तो सूर लागेल की नाही याचा नव्हता. जेवणानंतर आपल्याला उष्टी उचलायला लावतील की काय, याचा होता! पुढे त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते २००२ मध्ये. आंब्यापासून पद्मविभूषणापर्यंत किती वर्षं गेली, हिशेब तुम्हीच करा.

गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची गोष्ट फार वेगळी नाही. दोघी कलावंत समाजातल्या, दोघी अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. म्हणजे परग्रहवासीयांना भारत ऐकवायचा तेव्हा आपण कलावंतिणीच्या घरातला सूर पाठवला. आणि ज्या 'सवाई'साठी आपण जीव टाकतो, ते सवाई गंधर्व अब्दुल करीमखाँचे शिष्य. त्यांच्याकडे भीमसेन जोशी शिकले, तशाच गंगूबाईही. म्हणजे या गाण्याच्या मुळाशी मुसलमान उस्ताद आहेत, कलावंत बायका आहेत. हे गाणं कुणा एका आडनावाचं कधीच नव्हतं.

मग सतरंजी एका बाजूला कशी सरकली? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं कोठीतून, दरबारातून बाहेर आलं, पुस्तकात आलं, परीक्षेत आलं. काम प्रचंड मोठं, वादच नाही. 'चांगल्या घरच्या' मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या त्या याच वाटेने. पण 'चांगलं घर' म्हणजे कुठलं, हे तेव्हा ज्यांनी ठरवलं त्यांच्याच घरांच्या आसपास क्लास उघडले, मैफली भरल्या, श्रोते तयार झाले. ज्यांच्या घरात गाणं पिढ्यान्‌पिढ्या होतं त्यांना मान खाली घालावी लागली. आणि ज्यांना गाण्याच्या जवळच येऊ दिलं नव्हतं, ते बाहेरच राहिले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावची. कापसाचा तालुका, विधानसभेला आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ. आमच्याकडे गाणं नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडते. गुरुदेव सेवा मंडळाचं भजन आहे, तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे. १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं आहेत. गोंड-कोलामांचे ढोल आहेत. भजनी मंडळातला पेटीवाला काका भीमपलास आणि भैरवी बोटांवर खेळवतो, फक्त त्या स्वरांना नाव द्यायची गरज त्याला कधी पडली नाही.

शाळेतला माझा एक मित्र याच भजनात वाढला. गळा असा की ऐकत राहावं. त्याला कुणीतरी मोठ्या गावातल्या एका क्लासला नेलं. पहिल्याच आठवड्यात अभंग गाताना तो 'चरन' म्हणाला. सगळा क्लास हसला. सर म्हणाले, "आधी 'ण' शिक, मग सूर." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन महिन्यांनी त्याने एसटीचा पास काढणं बंद केलं. मला म्हणाला, "जाऊ दे ना बे, आपलं भजनच बरं हाय." आज तो कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. गातो अजून, पण भजनातच.

गंमत बघा. ख्यालाच्या कितीतरी बंदिशी ब्रज भाषेत आहेत. आणि ब्रजमध्ये 'चरण'चं 'चरन'च होतं, 'गुण'चं 'गुन'! त्याच क्लासमध्ये पुढच्या वर्षाची पोरं बंदिशीत तोच 'न' आदबीने घोटत होती. उस्तादाच्या तोंडी असला की तो 'न' घराणेदार, राळेगावच्या पोराच्या तोंडी असला की गावंढळ. प्रश्न उच्चाराचा होता का हो?

"मग काय, तालुक्याच्या गावी दोन मैफली ठेवू, लोकांना चांगलं संगीत ऐकवू" असं कुणी म्हणेल. हेतू चांगला, पण त्यात एक गोची आहे. आम्ही देणार, तुम्ही घेणार! चेन्नईत टी. एम. कृष्णा आणि मित्रमंडळींनी वेगळं केलं. उरूर ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात समुद्राकाठी उत्सव सुरू केला. तिथे कर्नाटक संगीत होतं आणि दलितांचं म्हणून हिणवलं गेलेलं परै वादनही होतं. स्टेज एकच. कृष्णांना २०१६ मध्ये मॅगसेसे मिळालं. २०२४ मध्ये संगीत कलानिधी हा मानही ठरला, तेव्हा काही नामवंत कलाकारांनी जाहीर विरोध करून मद्रास म्युझिक अकादमीच्या महोत्सवातून नाव काढून घेतलं. म्हणजे सतरंजी सरकवली की आवाज होतोच!

आपण काय करू शकतो? खूप काही, आणि त्यासाठी क्रांतिकारक असायची गरज नाही. तुमच्या कंपनीच्या सीएसआरमधून महोत्सवाला स्पॉन्सरशिप जात असेल तर एक प्रश्न विचारा : यातले किती पैसे एखाद्या मुलाच्या दहा वर्षांच्या शिक्षणाला जातात? एका रात्रीच्या मैफलीने वर्तमानपत्रात फोटो येतो, दहा वर्षांच्या फीने गवई तयार होतो. सोसायटीच्या दिवाळी पहाटला भजनी मंडळ बोलावणार असाल तर त्यांनाही मानधन द्या, नुसता नारळ नको. तुम्ही स्वतः शिकत असाल तर क्लासमध्ये कुणाच्या बोलण्यावर हशा पिकला की त्यात सामील होऊ नका. तबला-तानपुऱ्याचं ॲप आज मोबाईलवर आहे, राग यूट्यूबवर आहे. पण "ये, बस, गा" असं म्हणणारा माणूस डाउनलोड होत नाही. तो आपल्यालाच व्हावं लागतं.

तेव्हा यंदा सवाईला जरूर जा. शेजारी कुणी नवखा बसला असेल, टाळी चुकीच्या जागी वाजवत असेल, तर वळून बघू नका. जरा सरकून जागा द्या.