औषधाचा आदेश संगणकावर हवा, आणि तो तपासणारा औषधनिर्माताही

महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत भरती रुग्णाचे औषध आजही कागदावरून फिरते. डॉक्टर राउंडवर केसपेपरवर लिहितात, सिस्टर ते ट्रीटमेंट चार्टवर उतरवतात आणि वॉर्डाची मागणी इंडेंट बुकातून औषध विभागाकडे जाते. ही पद्धत बदलून औषधाचा आदेश संगणकावर आणायलाच हवा. पण नुसते संगणक बसवून रुग्ण सुरक्षित होणार नाही. म्हणून हे मुद्दे.

१. चूक बहुधा लिहितानाच होते. बॉस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णाला टाळता येण्याजोगी इजा करणाऱ्या औषधचुकांपैकी ५६ टक्के चुका आदेश देताना आणि ३४ टक्के औषध देताना झालेल्या आढळल्या. इन्सुलिनच्या '१०'पुढे युनिटसाठी घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसला, तर दहाचे शंभर होतात. अर्ध्या मिलिग्रॅमचे टिंब पुसट उमटले, तर दहापट डोस जातो. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली, तर जीव जाऊ शकतो. औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे चारही रकाने भरल्याशिवाय आदेश पुढेच जाणार नाही, अशी सोय संगणकावर करता येते. कागद अपुरा आदेशही मुकाट्याने स्वीकारतो.

२. वाचता येईल असे लिहिणे ही मेहेरबानी नव्हे. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुवाच्य प्रिस्क्रिप्शनचा हक्क थेट घटनेच्या कलम २१शी जोडला. बाहेरच्या दुकानात चिठ्ठी नेणारा रुग्ण निदान दोन प्रश्न विचारू शकतो. खाटेवर ग्लानीत पडलेल्याला तेही जमत नाही, म्हणून सुरुवात भरती रुग्णांपासून व्हावी.

३. औषधनिर्मात्याला रुग्ण दिसला पाहिजे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. इंडेंटवर औषधाचे नाव आणि नग एवढेच असते. ते इंजेक्शन कोणासाठी आहे, त्याचे वजन किती, क्रिएटिनिन किती, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, यातले काहीच औषध विभागाला कळत नाही. जेंटामायसिनची मात्रा किडनी पाहून ठरवावी लागते. वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल दिले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे ओळखण्याचे शिक्षण औषधनिर्मात्याने घेतलेले असते, आणि आपण त्याला फक्त खोकी मोजायला बसवतो. संगणकावरचा आदेश रुग्णाच्या नोंदीसह त्याच्यासमोर आला पाहिजे. शंका आली तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन करण्याचा अधिकार त्याला लेखी मिळाला पाहिजे. सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम देशात २००८ पासून सुरू आहे. ते शिक्षण घेतलेल्यांसाठी सरकारी रुग्णालयांत वॉर्डनिहाय पदे निर्माण करा. तपासणाराच नसेल, तर संगणकाने फक्त चुकीचा आदेश जलद पोहोचेल.

४. पुरावा आहे आणि इशाराही आहे. बॉस्टनच्याच एका रुग्णालयात संगणकीय आदेशांनंतर गंभीर औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी अशाच प्रणालीमुळे होऊ शकणाऱ्या २२ प्रकारच्या चुका नोंदवल्या. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयाचा अनुभव पुढे आला: इतर ठिकाणांहून हलवून आणलेल्या बालकांमधला मृत्युदर नव्या प्रणालीनंतर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेला होता. मूल रुग्णालयात नोंदले जाईपर्यंत औषधाचा आदेशच देता येत नव्हता, आणि तातडीची औषधे वॉर्डातून काढून मध्यवर्ती विभागात ठेवली होती. अशीच प्रणाली सिएटलमध्ये आली तेव्हा मृत्युदर वाढला नाही. म्हणून वॉर्डाचे काम कसे चालते ते आधी पाहावे, एका वॉर्डात चालवून बघावे आणि मगच पुढे जावे. अतिदक्षता विभागाची पाळी शेवटी यावी.

५. दुहेरी काम लादू नका. कागदावरही लिहा आणि संगणकावरही भरा, असे महिनोन्महिने चालले की निवासी डॉक्टर आणि सिस्टर वैतागतात, आणि दोन नोंदींत तफावत पडून नवी चूक जन्मते. कागद बंद करण्याची तारीख आधीच ठरवा. राउंडवर नेता येईल असे यंत्र प्रत्येक वॉर्डाला द्या. पडद्यावरचे इशारे जिवावर बेतणाऱ्या गोष्टींपुरतेच ठेवा. क्षुल्लक इशारे सतत आले, की गंभीर इशाराही न वाचता पुसला जातो.

६. प्रणाली कंत्राटदाराच्या हाती ओलीस नको. राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणक प्रणाली २०२२ मध्ये कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि रुग्णालये पुन्हा कागदावर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथले काम कित्येक दिवस हातानेच करावे लागले. करार संपला तरी रुग्णांच्या नोंदी वापरण्याजोग्या स्वरूपात शासनाकडे राहतील, हे कलम करारात पहिले हवे. वीज किंवा सर्व्हर गेल्यास वापरायचे छापील तक्ते प्रत्येक वॉर्डात हवेत आणि त्यांचा सराव ठरावीक काळाने व्हायला हवा. रुग्णाची नोंद कोणी, कधी उघडली याचा मागही राहायला हवा.

७. लाभ रुग्णाच्या हाती पडावा. आदेश संगणकावर असेल, तर डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत छापलेला तक्ता देणे अवघड नाही: सकाळी कोणती गोळी, रात्री कोणती, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रे छापता येतील.

या सगळ्याला पैसा लागेल, पण तो फक्त यंत्रांवर घालवू नका. निम्मी तरी काळजी माणसांची करा. वाचकांना विनंती: आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला, नगरसेवकाला आणि आमदाराला एकच प्रश्न लेखी विचारा. आमच्या रुग्णाला दिले जाणारे औषध, ते देण्याआधी, कोणता औषधनिर्माता तपासतो? उत्तरात पदनाम मिळेपर्यंत विचारत राहा.