सत्तावीस की बहात्तर?

‘सत्तावीस लिही’ असे सांगितल्यावर दुसरीतील मूल ७२ लिहिते, तेव्हा आपण त्याला वेंधळे ठरवून मोकळे होतो. वस्तुतः त्याने जे ऐकले तेच इमानाने लिहिलेले असते: आधी ‘सत्ता’, मग ‘वीस’. मराठीत बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन सुचवले, तेव्हा त्याचे पडसाद विधिमंडळापर्यंत उमटले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना जाणवणारी हीच अडचण पुढे मांडली होती. वादात कोणाचीही बाजू घ्या, अडचण मात्र खरी आहे. नावडे परिसरात तर ती दुहेरी होते. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने येथे अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात. घरी मराठी वा हिंदी बोलणारे मूल इंग्रजी शाळेत गेले, की तेथे ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हणजे दशक आधी!

यावर उपाय साधा आहे: अंकांआधी वस्तू हाताळू द्याव्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातील साध्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडवली होती. आपणही आईस्क्रीमच्या काड्या जमवाव्यात. दहा काड्यांना रबर लावले की झाला एक गठ्ठा. ‘सत्तावीस’ म्हणताच मुलाने दोन गठ्ठे डावीकडे व सात सुट्या काड्या उजवीकडे मांडाव्यात आणि मगच खाली अंक लिहावेत.

‘एकोणतीस’ची गंमत याहून मोठी. कानावर ‘तीस’ पडते, म्हणून मूल ३ लिहू पाहते. अशा वेळी तीन गठ्ठे द्यावेत आणि ‘यातली एकच काडी मला दे’ म्हणावे. काडी काढायची तर गठ्ठा सोडावाच लागतो! उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे मग समजावून सांगावे लागत नाही. हातच्याची वजाबाकीही येथेच रुजते.

वर्गात खडूने शून्य ते तीस अशी रेघ आखून तीवर उड्या मारायला लावाव्यात. घरी दहाच्या नोटा व रुपयाची नाणी घेऊन भाजीवाल्याचा खेळ मांडावा. खेळ दहा-पंधरा मिनिटांचाच असावा. कंटाळा येण्याआधी थांबावे.

आरोग्याच्या सदरात गणित कशाला, असे कोणी विचारील. गणिताच्या तासाआधी पोट दुखणारी मुले आपल्या घरांतच आहेत. चिंता मनातील तीच जागा व्यापते, जी आकडेमोडीसाठी मोकळी हवी. मग चूक होते, आणि चुकीने भीती वाढते. म्हणून चूक दिसताच ‘कसे केलेस, सांग बरे’ असे विचारावे. पोटदुखी वारंवार होत असेल, तर डॉक्टरांनाही दाखवावे.

पुरेशा सरावानंतरही मूल लहान संख्यांची तुलना करू शकत नसेल, तर शिकवणी बदलण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते. तपासणी म्हणजे मुलावर मारलेला शिक्का नव्हे. त्याला कोणत्या वाटेने न्यावे, हे कळण्याचे ते साधन आहे.

आज रात्री मुलाच्या हाती काड्या द्या. ७२ लिहिणारे ते मूल मठ्ठ नाही; आपल्या भाषेने त्याला घातलेले कोडे ते सोडवत आहे.