डिस्क पुसण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. पलूससारख्या तालुक्याच्या गावी दुकानात, शिकवणीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात असलेला धडधाकट संगणक या अटींमुळे बाद ठरू शकतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकण्याचा सल्ला योग्यच आहे. मात्र संगणक ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला असेल, तर आधी त्या भागांची तपासणी करायला हवी.

तयार संगणकाचे सगळे भाग एका कंपनीने एकत्र चालवून पाहिलेले असतात. असेंबल्ड संगणकात मदरबोर्ड एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचे, वाय-फाय डोंगल तिसऱ्याचे. ही जुळणी लिनक्सवर चालते की नाही, हे कोणीच पाहिलेले नसते. ती जबाबदारी संगणक विकत घेणाऱ्यावर येते.

प्रत्येक भागाला प्रणालीशी बोलण्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे चालक-सॉफ्टवेअर लागते. विंडोजमध्ये ते बहुधा भाग बनवणारी कंपनी देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. म्हणून भागाचे वय आणि कर्नलचे वय जुळावे लागते. पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहणाऱ्यांना अशी जुळणी नवी नाही. विहिरीची खोली आणि विजेचा फेज पाहिल्याशिवाय इथे कोणी पंप आणत नाही.

एएमडीचे रेडिऑन आरएक्स ९०७० हे ग्राफिक्स कार्ड मार्च २०२५मध्ये बाजारात आले. उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीची पहिली प्रत एप्रिल २०२४ची, तिच्यात ६.८ क्रमांकाचे कर्नल. वर्षभराने येणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात असणार कसा? ऑगस्ट २०२५मधल्या २४.०४.३ या प्रतीत ६.१४ कर्नल आले आणि ही अडचण बरीचशी सुटली. नाव तेच, पण जुनी प्रत उतरवून घेतली तर अडचण कायम.

एनव्हिडिया या दुसऱ्या ग्राफिक्स कार्ड कंपनीची गोष्ट उलटी आहे. तिचा पूर्ण क्षमतेचा ड्रायव्हर कर्नलबाहेरून बसवावा लागतो आणि जुन्या कार्डांचा आधार कंपनी टप्प्याटप्प्याने काढून घेते. स्वस्त असेंबल्ड संगणकांत दिसणाऱ्या जीटी ७१०साठी ४७० मालिकेचा ड्रायव्हर शेवटचा. त्याच्या दुरुस्त्या २०२४मध्ये थांबल्या. कर्नलमधल्या नूव्हो या खुल्या ड्रायव्हरवर कार्यालयीन काम भागते, खेळांसाठी तो अपुरा पडतो.

सर्वाधिक फसगत छोट्या वस्तूंत होते, कारण खोक्यावरचे नाव आतली चिप सांगत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. तो लावताच चालायचा. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली आणि ड्रायव्हरसाठी वेगळी खटपट सुरू झाली. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटरही असाच. तो ‘कॅप्ट’ या कॅननच्या स्वतःच्या भाषेवर चालतो, त्यामुळे लिनक्सच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर छापत नाही. कॅननचा ड्रायव्हर नव्या प्रणालींवर सहज बसत नाही. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र वापरणाऱ्यांनी तर आधी उत्पादकालाच विचारावे.

तपासणी अवघड नाही. लिनक्सची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. डिस्कवर काही लिहिले जात नाही. तिथे इंटरनेट, आवाज, छपाई आणि संगणक झोपवून पुन्हा जागा करणे, सगळे करून पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा दिल्या की चिपांची खरी नावे दिसतात. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर मात्र या चाचणीत सहसा नसतो, त्याची चौकशी वेगळी करावी.

एवढे पाहिल्यावर मत स्पष्ट आहे: जुन्या असेंबल्ड संगणकासाठी लिनक्स हा चांगला मार्ग आहे, आणि अपयशाचा दोष अनेकदा लिनक्सपेक्षा न पाहिलेल्या एखाद्या चिपचा असतो. शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींनी नवे संगणक घेताना कोटेशनमध्येच प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि आवृत्ती मागावी, आणि लिनक्सवर चालवून दाखवण्याची अट घालावी. घरी प्रयोग करणाऱ्यांना विनंती इतकीच, की चाचणी झाल्यावरही फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि मगच ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारा.